अनुस्वार गिळणारं यंत्र: गावच्या वाचनालयासाठी फुकटातला स्कॅन-संच

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या मराठी वाचनालयांत हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: कपाटातली जुनी पुस्तकं संगणकावर घ्यायची, तर घ्यायचं काय? विक्रेता वरून कॅमेरा लावलेला स्कॅनर दाखवतो आणि तीस-चाळीस हजारांचा आकडा सांगतो. हे परीक्षण त्या स्कॅनरचं नाही, त्याला पर्याय म्हणून मिळणाऱ्या संचाचं आहे. साधा मोबाइल, एक स्टँड आणि तीन मोफत सॉफ्टवेअर, एवढाच हा संच. पानं नीटनेटकी करायला ‘स्कॅनटेलर अ‍ॅडव्हान्स्ड’, अक्षरं ओळखायला ‘टेसरॅक्ट’ची पाचवी आवृत्ती आणि शोधता येणारी पीडीएफ बांधायला ‘ओसीआरमायपीडीएफ’.

निकाल आधीच सांगून टाकू. ऑफसेटवर छापलेलं, गेल्या तीस-चाळीस वर्षांतलं स्वच्छ पुस्तक असेल तर हा संच पुरतो, स्कॅनर घेऊ नका. शिशाची सुटी अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवून छापलेल्या जुन्या पुस्तकाचं चित्र तो उत्तम काढतो, मजकूर मात्र अर्धाकच्चा देतो. तो मजकूर पक्का करायला माणूस बसवावा लागतो आणि खरा खर्च त्या माणसाचा. महागडा स्कॅनर घेतला तरी हा खर्च सुटत नाही, आणि विक्रेता नेमकं हेच सांगत नाही.

कोणतं पुस्तक आधी घ्यायचं यावर बहुतेक ठिकाणी घोळ होतो. गाजलेल्या कादंबऱ्या स्कॅन करत बसू नका. त्या बाजारात आहेत, दुसऱ्या पन्नास वाचनालयांत आहेत. मराठी विश्वकोश जालावर आहे, राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. सीमाभागातल्या वाचनालयाची खरी दौलत म्हणजे स्मरणिका. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, त्यांच्या स्मरणिका, युवक मंडळांचे रौप्यमहोत्सवी अंक, शाळांचे शताब्दी ग्रंथ, सीमालढ्याची पत्रकं. यांच्या छापल्या जातात काही शेकडा प्रती, वाटल्या जातात गावात आणि दहा वर्षांनी उरते ती वाचनालयातली एकच, तीही कसर लागलेली. पुण्या-मुंबईचं कुठलंही मोठं ग्रंथालय ही तुमच्यासाठी जपून ठेवणार नाही.

आता फोटो. मोबाइलचं रिझोल्यूशन कॅमेऱ्याच्या जाहिरातीवरून ठरवू नका, भागाकार करून ठरवा. अक्षरओळखीसाठी इंचाला ३०० ठिपके लागतात. डेमी आकाराचं पुस्तक उघडलं की साधारण ११ इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच होतं. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० ठिपके. कडेला बोटभर जागा सोडली तरी इंचाला ३०० च्या वर मिळतात, म्हणजे डेमीची दोन्ही पानं एका फोटोत चालतात. स्मरणिका मात्र बहुधा ए-फोरच्या आसपास असते. ती उघडी ठेवून दोन्ही पानं एकदम घेतली तर साडेसोळा इंचांत ४००० ठिपके, म्हणजे इंचाला जेमतेम २४०. इथेच पुढचं सगळं बिघडतं आणि खापर फुटतं सॉफ्टवेअरवर. ए-फोर असेल तर एका फोटोत एकच पान. आधी सगळी उजवी पानं घ्या, मग पुस्तक फिरवून सगळी डावी. दोन्हींची संख्या जुळली नाही तर कुठेतरी पान सुटलंय किंवा दोनदा आलंय. हे त्याच बैठकीत तपासायचं, कारण पुस्तक एकदा कपाटात गेलं की कुणी परत काढत नाही.

दिवे दोन हवेत, पानाच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांत. एकच दिवा असला की शिवणीजवळ सावली पडते आणि ओळींच्या टोकाची अक्षरं काळवंडतात. फ्लॅश बंद. स्वस्त एलईडी दिव्यांनी फोटोत आडवे पट्टे येतात. वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. कॅमेरा ‘प्रो’ मोडवर टाकून शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. फोकस आणि उजेड दोन्ही एकदा लॉक करा, नाहीतर दर पानाला कॅमेरा नव्याने विचार करत बसतो आणि पंचविसाव्या पानापासून रंग बदललेला दिसतो. ‘डॉक्युमेंट स्कॅन’वाली अ‍ॅप इथे वापरू नयेत. ती फोटो आपल्या मर्जीने उजळतात, दाबून लहान करतात आणि बारीक ठिपके पुसून टाकतात. मूळ कॅमेरा अ‍ॅप, सर्वांत चांगला दर्जा, एवढंच पुरे. शटरसाठी ब्लूटूथचं बटण घ्या, बोटाने दाबलं की स्टँड हलतो.

पान वाकलेलं राहत असेल तर वर साधी काच ठेवतात. काचेत दिव्याचं प्रतिबिंब दिसलं तर दिवे आणखी खाली आणि बाजूला सरकवायचे. पत्रकं आणि न्यूजप्रिंटवरचे अंक पातळ असतात, मागची छपाई पुढे उमटते. अशा पानामागे काळा कागद घालावा. पांढरा घातला तर उजेड परत फिरतो आणि मागची अक्षरं जास्तच दिसतात. एक काळा कार्डपेपर दहा रुपयांना मिळतो आणि पुढचं कितीतरी काम वाचवतो.

ऋतूचंही बघायला हवं. खानापूरकडचा पाऊस माहीत असणाऱ्याला वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर कागद ओल धरतो, पान लाटेसारखं उठतं, काच ठेवली तरी कडा बसत नाही. ही कामं शिमग्याच्या आसपास काढावीत. बुरशी लागलेलं पुस्तक उघडताना तोंडाला फडकं बांधा आणि ते पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.

फोटो संगणकावर आले की ते स्कॅनटेलरकडे जातात. या संचातलं सर्वांत गुणी सॉफ्टवेअर हेच. काम सहा पायऱ्यांत: दिशा, पानं वेगळी करणं, तिरपेपणा काढणं, मजकूर निवडणं, समास, शेवटी तयार पान. सुरुवातीलाच ते पानांची ‘डीपीआय’, म्हणजे इंचाला किती ठिपके, विचारतं, कारण मोबाइलच्या फोटोत ती माहिती खरी नसते. इथे मनाने ७२ किंवा ९६ लिहिलं की पान भिंतीएवढं समजून सॉफ्टवेअर संगणकाची मेमरी खाऊन टाकतं. वरचा भागाकार इथे परत कामाला येतो: फोटोची रुंदी ४००० ठिपके आणि त्यात १२ इंच मावले असतील तर ३३३ लिहा. थोडं मागेपुढे चालतं.

तिरपेपणा काढण्यात देवनागरीचा फायदा आहे. शिरोरेखा ही आयतीच ओळंब्याची रेघ, त्यामुळे पान सरळ करताना यंत्र सहसा चुकत नाही. मजकूर निवडण्याच्या पायरीवर मात्र प्रत्येक पान डोळ्याखालून घालायचं. पानाचा क्रमांक, तळटीप किंवा वरचं शीर्षक यांतलं काहीतरी चौकटीबाहेर राहतं. समासाच्या पायरीवर आणखी एक खोड आहे. सगळी पानं एकाच मापाची करण्याचा पर्याय सुरू असतो आणि स्मरणिकेत घडी घातलेलं एखादं मोठं पान आलं की त्याच्या मापाने बाकीची शंभर पानंही फुगतात. त्या एका पानापुरती ती खूण काढून टाकायची.

खरी गोम शेवटच्या पायरीवर. तिथे ‘डिस्पेकल’ नावाची सोय आहे, कागदावरचे डाग काढणारी. इंग्रजी पुस्तकाला ती वरदान असेल. मराठीत अनुस्वार हाही ठिपकाच की. ती जोरात लावली की डागांबरोबर अनुस्वार जातात, चंद्रबिंदूचा बिंदू जातो, विसर्गाचा एखादा ठिपका जातो. आजच्या लेखनात ‘घरात नाही’ (एका) आणि ‘घरांत नाही’ (अनेक) यांतला फरक पुसला गेला तर अर्थही बदलतो. डिस्पेकल बंद ठेवा किंवा सर्वांत सौम्य पायरीवर ठेवा. डाग राहिले तर राहू देत, पुसलेला अनुस्वार परत आणता येत नाही. तयार पान काळं-पांढरं आणि ६०० डीपीआयवर काढायचं. फोटो असलेल्या पानाला ‘मिक्स्ड’ निवडायचं, नाहीतर अध्यक्षांच्या चेहऱ्याच्या जागी काळा डाग उरतो.

मूळ फोटो पुसू नका. त्यांची जागा बदलली तर प्रकल्पाची फाइल ते शोधू शकत नाही. फोटो, प्रकल्प आणि तयार पानं यांना पुस्तकागणिक एकच फोल्डर द्या आणि फाइलचं नाव रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी नावं काही जुन्या पेनड्राइव्हवर आणि झिप करताना चौकोन होतात.

आता टेसरॅक्ट. याचा जन्म ह्यूलेट-पॅकार्डमधला, १९८० च्या दशकातला. २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं, पुढे गूगलने सांभाळलं. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते सुटी अक्षरं न जुळवता पूर्ण ओळ एका दमात वाचतं. देवनागरीला या बदलाचा मोठा फायदा झाला, कारण आपली अक्षरं शिरोरेखेने एकमेकांना धरून असतात आणि जुन्या पद्धतीत ती सोडवणंच कठीण जायचं. दुसऱ्या बाजूने, ओळ एका दमात वाचणारं यंत्र ओळखीच्या शब्दांकडे झुकतं. चूक दिसायला शब्द बरोबरच वाटतो, म्हणून प्रुफं वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते.

बसवताना होणारी पहिली चूक: विंडोजवर टेसरॅक्ट बसवताना भाषांच्या यादीत मराठीवर खूण करावी लागते. ती राहिली की पहिल्याच आज्ञेला ‘भाषा सापडली नाही’ अशा अर्थाची चूक येते आणि लोक सॉफ्टवेअरच काढून टाकतात. मराठीची फाइल एकाहून जास्त प्रकारची असते, त्यात एक जलद आणि एक उत्तम. संगणक जुना असला तरी ‘उत्तम’ घ्या. रात्री लावून ठेवलं तर वेग महत्त्वाचा राहत नाही. काळ्या खिडकीत आज्ञा टंकायची धास्ती असेल त्यांनी ‘नॅप्स-टू’ घ्यावं. आत टेसरॅक्टच आहे, भाषा तिथल्या तिथे उतरवता येते, बटणं दाबून काम होतं. ‘जीइमेजरीडर’ही चांगलं, त्यात डावीकडे पान आणि उजवीकडे मजकूर ठेवून सुधारणा करता येतात.

पानाची मांडणी यंत्राला सांगावी लागते. आपोआप ओळखण्याचा पर्याय सरळ गद्याला ठीक. कविता असेल तर ‘एकच सलग ठोकळा’ हा ६ क्रमांकाचा पर्याय द्या, नाहीतर तिरक्या मांडणीच्या ओळींना ते दोन स्तंभ समजतं आणि कडव्यांची भेळ करतं. दोन स्तंभांच्या स्मरणिकेत आपोआप पर्यायच बरा, फक्त मधल्या रेषेवर एखादं चित्र आलं असेल तर ते पान हाताने दोन तुकड्यांत कापून द्यावं.

कन्नडचं काय? आपल्याकडच्या स्मरणिकेत निम्म्या जाहिराती दुभाषी असतात. टेसरॅक्टला मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषा एकत्र देता येतात. पण सगळ्या पुस्तकाला तिन्ही लावू नका. जितक्या भाषा जास्त तितका वेळ जास्त, आणि पुसट मराठी शब्द मध्येच कन्नड लिपीत उगवण्याची भीती. निव्वळ मराठी पानांना मराठी आणि इंग्रजी, दुभाषी पानांना तिन्ही, अशी दोन गटांत विभागणी करा. जाहिराती तशाही यंत्राला नीट वाचता येत नाहीत: काळ्यावर पांढरी अक्षरं, कमानीसारखं वळवलेलं दुकानाचं नाव. त्या गाळू मात्र नका. कुठल्या गल्लीत कुणाचं किराणा दुकान होतं, कुठली तालीम कुणी चालवली, हे तिथेच सापडतं. दुकानांची नावं हाताने टंकून पानाच्या नोंदीत घाला.

खिळ्यांच्या छपाईत काय चुकतं ते एका ओळीत पाहू. ‘घाटावरील भक्त’ हे दोन शब्द घ्या. झिजलेल्या खिळ्याचा घ वरच्या बाजूला उघडा पडला की यंत्र ‘धाटावरील’ वाचतं. भ च्या डोक्यावरची फट शाईने भरली की ‘भक्त’चा ‘मक्त’. व च्या पोटात शाईचा तिरका ओरखडा आला की तिथे ब. य आणि थ, प आणि ष, ख आणि ‘रव’ या जोड्याही अशाच. तुटलेली वेलांटी काना होते, काना दंड होतो. प्रुफं वाचणाऱ्याला या जोड्यांची यादी एका चिठ्ठीवर लिहून द्या, नजर तिथेच थांबेल.

त्यात जुनं लेखन. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्याआधीच्या आणि त्यानंतरही काही वर्षं छापलेल्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘गांव’ असे उच्चार न होणारे अनुस्वार भरलेले असतात. ते चूक नाहीत, त्या काळचं लेखन आहे. यंत्राने गाळले तर परत घालायचे, यंत्राने ठेवले तर शुद्धलेखनाच्या ओढीने काढायचे नाहीत. काही पुस्तकांत सावरकरी लिपीतले अि, अु, अे येतात. ते टेसरॅक्टला झेपत नाहीत, हाताने सुधारावे लागतात. गावाकडची बोली छापलेली असेल तिथेही चुका जास्त: ‘काय करूलालास’ (काय करतोयस) हे बेळगावकराला सरळ कळतं, यंत्राच्या ओळखीचं नाही. आणि मोडीतली कागदपत्रं असतील तर हा संच उघडूच नका. टेसरॅक्टच्या भाषांत मोडी नाही, ती नुसती फोटोरूपात जपा आणि मोडी वाचणारा गाठा.

आपल्याकडच्या प्रकाशनाशी जोडलेली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नव्वदच्या दशकापासून पुस्तकं संगणकावर जुळू लागली. छापखान्याकडे पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरच्या फाइल किंवा पीडीएफ असते. वाचनालयाला वाटतं, मजकूर तयारच आहे, नुसता उचलायचा. त्या पीडीएफमधला परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कालवा उतरतो. कारण श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षराचा फक्त आकार होता, आतला संकेत इंग्रजीच्या जागेवरचा. कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा, आणि जोडाक्षरं, रफार, र्‍हस्व वेलांटी यांत ते गोंधळ करतात.

यावरचा सोपा उपाय म्हणजे कन्व्हर्टरच्या नादी न लागता ती पीडीएफ चित्र समजून वाचायला देणं. पडद्यावर रेखलेली अक्षरं धारदार असतात, डाग नाही, सावली नाही, त्यामुळे टेसरॅक्टचा सर्वांत चांगला निकाल अशाच फाइलवर येतो. ओसीआरमायपीडीएफला अशी फाइल दिली की ‘पानावर आधीच मजकूर आहे’ म्हणून ते थांबतं. तो मजकूर म्हणजे तोच कालवा. ‘फोर्स-ओसीआर’ हा पर्याय दिला की जुना मजकूर बाजूला टाकून ते नव्याने वाचतं. सोबत ‘साइडकार’ पर्यायही द्या, म्हणजे नुसत्या मजकुराची वेगळी फाइल मिळते आणि सुधारणा तिच्यात करता येतात. हे सॉफ्टवेअर उबंटू या मोफत संगणक-प्रणालीवर चटकन बसतं. विंडोजवर त्याला पायथॉन आणि घोस्टस्क्रिप्ट आधी लागतात, तिथे गावातला एखादा इंजिनिअरिंगचा मुलगा तासभर बसवा.

पुढची स्मरणिका छापायला देताना छापखान्याच्या कामाच्या चिठ्ठीत एक ओळ वाढवा: छापील प्रतींसोबत युनिकोडमधला (कुठल्याही संगणकावर मराठीच उमटणारा) मजकूर आणि पीडीएफ द्यावी. आज दोन मिनिटांत होणारं हे काम वीस वर्षांनी पुन्हा स्कॅनिंग करायला लावत नाही. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून निघू लागली, आणि तिथेही युनिकोडच लागतं.

मजकूर मिळाला म्हणजे शोध लागेलच असं नाही. ‘वाऱ्यावर’ हा शब्द संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारा जोडक घालतात. डोळ्याला दोन्ही सारखे, शोधयंत्राला वेगळे. तीच गत ‘अ‍ॅ’ची: ॲ, ऍ आणि अ वर चंद्र दिलेला, असे तीन प्रकार. सगळ्या मजकुरात एकच प्रकार ठरवून ‘शोधा आणि बदला’ने एका फटक्यात सारखं करा. गावाच्या नावांना मात्र हात लावू नका. जुन्या छपाईत ‘बेळगांव’ आहे, नंतर ‘बेळगाव’, २०१४ नंतरच्या सरकारी कागदात ‘बेळगावी’. मूळ मजकूर तसाच ठेवून नोंदीच्या रकान्यात तिन्ही रूपं लिहिली की कुणीही कसंही शोधलं तरी सापडतं. नोंदीसाठी सुरुवातीला मोठं ग्रंथालय-सॉफ्टवेअर नको, एक्सेलची एक चौकट पुरे: नाव, लेखक, साल, छापखाना, गाव, पानं, फाइलचं नाव.

टेसरॅक्टशिवाय दुसरा फुकटचा पर्याय म्हणजे गूगल ड्राइव्हवर चित्र चढवून ते डॉक्युमेंटमध्ये उघडणं. पुसट मराठी वाचण्यात ते बऱ्याचदा टेसरॅक्टपेक्षा सरस ठरतं. पण फाइल २ एमबीच्या आत लागते, स्तंभ आणि ओळींची मांडणी टिकत नाही आणि पानागणिक हात चालवावा लागतो. शंभर पानांच्या पुस्तकाला ते कंटाळवाणं, दहा अवघड पानांना मात्र उत्तम. महागड्या स्कॅनरच्या खोक्यावर ‘शेकडो भाषा’ लिहिलेलं असतं, त्यात मराठी आहे का ते विचारा. हिंदीच असेल तर ळ येणारं एक पान दुकानातच वाचायला द्या, उत्तर तिथेच मिळेल.

हे सगळं जालावर टाकायचं का? इथे हात आखडता घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे १९६५ मध्ये किंवा त्याआधी वारलेल्या लेखकाचं, त्याच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२६ पासून मोकळं. बेळगावातच जन्मलेल्या आणि १९०६ मध्ये वारलेल्या बाबा पदमनजींची पुस्तकं कुणीही स्कॅन करून टाकावीत. अनुवादाचा हक्क वेगळा, तो अनुवादकाच्या हयातीवर मोजायचा. स्मरणिकेत वीस लेखक असतात आणि बहुतेक हयात किंवा अलीकडे गेलेले, म्हणून ती परवानगीशिवाय जालावर नको. मात्र कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने नफा न कमावणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची मुभा दिली आहे, छापील प्रत त्याच्याकडे असली की झालं. म्हणजे संगणकावर जपायला अडचण नाही, गावाबाहेर वाटायला आहे. संमेलनाच्या आयोजकांकडून आणि लेखकांकडून आजच चार ओळींची लेखी परवानगी घेतली तर पुढची पिढी सुटेल. मोकळी पुस्तकं इंटरनेट अर्काइव्हवर चढवताना भाषेच्या रकान्यात मराठी लिहायला विसरू नका. तिथेही आपोआप टेसरॅक्टच वाचतं, भाषा चुकली की मजकूर वाया. प्रुफांसह पुस्तक पक्कं करायचं असेल तर मराठी विकिस्रोत बरं, तिथे पान तपासलं की पिवळं होतं आणि दुसऱ्याने परत तपासलं की हिरवं.

जागा फार लागत नाही. डेमीच्या २०० पानांचे १०० फोटो, प्रत्येकी चार-पाच एमबी, म्हणजे पुस्तकामागे अर्धा जीबी. एक टीबीच्या डिस्कवर दोनेक हजार पुस्तकांचे मूळ फोटो मावतात. प्रती तीन ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या गावच्या वाचनालयात.

सुरुवात साठ-सत्तर पानांच्या एका स्मरणिकेने करा. पहिली दहा पानं यंत्राकडून वाचून घ्या आणि गावातल्या एखाद्या निवृत्त मराठी शिक्षकांना मूळ पानासोबत मोठ्या समासात छापून द्या. पडद्यावर प्रुफं वाचायला बऱ्याच सरांना आवडत नाही आणि पडद्यावर अनुस्वार सुटतातही जास्त. दहा पानं तासाभरात निघाली तर पुढचं पुस्तक पूर्ण मजकुरासह करायला हरकत नाही. तासाच्या वर गेली, तर त्या पुस्तकाच्या मजकुराचा नाद सोडा. चित्ररूप पीडीएफ ठेवा, अनुक्रमणिका, लेखकांची नावं आणि जाहिरातींतली दुकानं एवढंच हाताने टंका आणि पुढच्या स्मरणिकेकडे वळा.